शेजारच्या भिंतीपुढचा फोटो

आबा, मला तुमच्याशी भांडायचंय. गेलेल्या माणसाशी काय भांडायचं, असं माय म्हणेल. पण जिवंत माणसं आता मला भांडायला उरली नाहीत. तालुक्याच्या ऑफिसातल्या साहेबांशी भांडून झालं, ग्रामसेवकाशी झालं, मोबाइल घेऊन फोटो काढायला आलेल्या त्या माणसाशीही झालं. प्रत्येकानं आपापलं बराबर समजावून सांगितलं. नियम असा आहे, अ‍ॅप असं आहे, वरून आदेश असा आहे. सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि घरी येऊन चप्पल काढताना लक्षात आलं की या सगळ्याची सुरुवात जिथं झाली तिथं तुम्ही उभे आहात. मारुतीच्या पारावर, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, आणि अख्ख्या गावापुढं मोठ्या आवाजात बोलताय. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी धुणं तसंच भिजत टाकून हे तुम्हाला लिहायला बसले.

आधी मी आता कोण आहे ते सांगते, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीला होते आणि तेल चोपडून दोन वेण्या घालत होते. मी एसटीत कंडक्टर आहे. हसू नका. खाकी घालते, गळ्यात तिकिटाचं मशीन असतं, आणि चतुर्थीच्या दिवशी राजूरच्या गणपतीला जाणाऱ्या गाडीत दाराशी लोंबकळणाऱ्या गड्यांना अशी हाक मारते की आमचा ड्रायव्हर पण दचकतो. बाईचं तोंड लई चालतं, असं लोक म्हणतात. चालायलाच पाहिजे, नाहीतर गाडी हलत नाही. जालन्यात भाड्याच्या दोन खोल्या आहेत, नवरा आहे, दोन पोरी आहेत. मायला कितीदा म्हटलं इकडं ये म्हणून. येते, चार दिवस राहते, मग तिला कोंबड्या आठवायला लागतात. ती अजून गावातच आहे, त्याच घरात. मातीच्या भिंती, वर पत्रे, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पत्र्यांवर ठेवलेले दगड. पत्रे मधल्या काळात बदलले, दगड तुम्ही ठेवलेले तेच आहेत. मागच्या पावसाळ्यात चुलीमागची भिंत फुगली. आतून लाकडाचा टेकू दिलाय आणि माय त्या टेकूवर खुशाल लुगडं वाळत घालते. भिंत आत आली तर ती पहिली मायच्या अंगावर येणार, कारण ती बसते तिथंच. मला रात्री पावसाचा आवाज आला की पहिलं तेच डोळ्यांपुढं येतं. तिच्या डोक्यावर एक पक्कं छत यावं, एवढंच माझं म्हणणं आहे. त्यापुढं मला ना मान पाहिजे ना मोठं मन.

मोठं मन म्हटलं की तुमचा तो दिवस आलाच. मी तिसरीत असेन. गावाला सरकारी घरकुलं थोडी आली होती आणि मागणारे पुष्कळ होते, म्हणून ग्रामसभा भरली होती. बायका शाळेच्या ओट्यावर बसल्या होत्या, मी मायच्या मांडीला टेकून. सरपंचांनी नावं वाचली आणि त्यात तुमचं नाव आलं. मायनं माझा खांदा धरला, चांगला दुखेपर्यंत धरला. आणि तुम्ही उठलात. अजून कानात आहे तुमचा आवाज. "आमाला घर वर्षातून चार महिने लागतं, बाकी आमचा मुक्काम मेंढरांमागं. हिची भिंत पडली, हिची लेकरं पावसात हायेत. आमचं हिला द्या. आमी पुढच्या वेळी घेऊ." हिची म्हणजे शेजारच्या मावशीची. तिचा नवरा त्याच साली गेला होता, पदरात दोन पोरं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंचांनी पुढच्या यादीत पहिलं नाव तुमचंच म्हणून सगळ्यांसमोर शब्द दिला. तुम्ही पटका सारखा केलात आणि खाली बसलात, आणि मला माझा बाप त्या दिवशी मारुतीपेक्षा उंच वाटला.

पण आबा, एक गोष्ट त्या पारावर कुणीच काढली नाही. घर चार महिने लागायचं ते तुम्हाला. दिवाळी झाली की तुम्ही मेंढरं घेऊन निघायचात, कुणाच्या रानात खतासाठी कळप बसवायचा, बदल्यात ज्वारी घ्यायची, मग पुढचं रान, मग त्याच्या पुढचं, थेट पाऊस लागेपर्यंत. माझी शाळा बुडू नये म्हणून मायला गावात ठेवलं ते तुम्हीच. तिला ते घर बाराही महिने लागायचं. गळायचं तिच्या अंथरुणावर, साप निघायचा तिच्या सरपणात. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? त्या संध्याकाळी माय एक शब्द बोलली नाही. भाकरी टाकल्या, जवसाची चटणी वाढली, तुमच्या ताटात कांदा फोडून ठेवला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिनं पांढरी माती कालवली आणि भिंती पोतारायला घेतल्या. ना सण, ना लग्न. दिवसभर पोतारत होती, दुपारी जेवलीही नाही. मी म्हटलं माय बास की आता, तर म्हणाली तू अभ्यास कर.

मावशीचं घर झालं. पायाचे दगड तुम्ही अंगावर वाहून दिले, स्लॅबच्या दिवशी घमेली उचलली. पुढच्या भिंतीला आकाशी रंग दिला, दारात तुळस लावली, आणि आपल्या गल्लीला एक चांगली जागा मिळाली. फोटो काढायचा म्हणजे मावशीच्या भिंतीपुढं, हा रिवाजच पडला. बाळाचं बारसं असो, नवरानवरी असोत, कुणाचा पोरगा पोलीस भरतीत निघालेला असो, चला मावशीच्या भिंतीपुढं. घरची फुटकी भिंत फोटोत येऊ द्यायची नाही, ही गल्लीतल्या सगळ्यांचीच रीत. मला बघायला येणाऱ्या स्थळांना द्यायचा फोटो काढला तोही तिथंच. मावशीनं स्वतःची साडी नेसवली होती मला. सासू अजून टोमणा मारते की फोटोत तर पक्कं घर दिसत होतं बाई तुझं. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

तुम्ही घर देऊन टाकलंत तेव्हा मला तुमचा राग नव्हता, खरंच नव्हता. त्या वर्षी तुम्ही परतलात ते परतूरच्या बाजारातून माझ्यासाठी पत्र्याची पेटी घेऊन. झाकणावर मोर, कडीला लहानसं कुलूप. पावसात पुस्तकं भिजू नयेत म्हणून. मी ती उराशी धरून अंगणभर नाचले होते. आता माझ्या पोरींची दप्तरं बघते तेव्हा मनात येतं, म्हणजे छप्पर गळतंय हे तुम्हाला माहीत होतं की. माहीत होतं म्हणूनच पेटी आणलीत. तुमचं माझ्यावर लई प्रेम होतं, त्यात बिलकुल शंका नाही. पण मायला तुम्ही काय आणलं होतंत त्या वेळी, ते आठवायला बसले तर मला आठवत नाही.

सरपंचांचा शब्द सरपंचांबरोबर गेला. नवा सरपंच आला, नवी पाहणी आली, पाहणीचे नियम नवे. एकदा म्हणाले दारिद्र्यरेषेच्या यादीत तुमचं नाव नाही. एकदा पाहणीला आले तेव्हा माय मजुरीला गेलेली, तर घर बंद म्हणून लिहून गेले. दर वेळी यादी नवी आणि आपलं नाव तळाला. पहिल्या यादीत आपण वर होतो हे मी प्रत्येक ऑफिसात सांगितलं आणि प्रत्येक ऑफिसात माझ्याकडं असं बघितलं जणू मी निजामाच्या काळातलं काहीतरी सांगून राह्यले. मधे तुम्हाला मेंढरांमागंच ताप भरला. दवाखान्यात न्यायला उशीर झाला आणि तुम्ही गेलात. मेंढरं विकली. यादी राहिली. शेवटी 'ड' यादी म्हणून एक आली, तिच्यात मायचं नाव लागलं आणि वर्षं जातील तशी ते हळूहळू वर सरकलं. मी म्हटलं चला, आपली गाडी फलाटाला लागली.

आणि मग सरकारनं मनावर घेतलं. प्रतीक्षा यादी कमी करायची मोहीम निघाली. आमच्या बसस्टँडवर हा मोठा फलक लागला, हसतं कुटुंब, मागं नवं घर, आता कुणीही वाट बघत राहणार नाही. खोटं कशाला बोलू, घरं झाली. आपल्या गावात मी स्वतः नव्या भिंती बघितल्या, ज्यांना मिळाली त्यांचं भलं झालं. पण आबा, यादी कमी करायचे रस्ते दोन. एक म्हणजे घर बांधून द्यायचं, आणि दुसरा म्हणजे नाव खोडायचं. दुसऱ्याला सिमेंट लागत नाही, वाळू लागत नाही, सही लागते. थांब्यावरची माणसं कमी करायची तर मी गाडी वाढवून मागते. थांब्यावर जाऊन तुम्ही प्रवासीच नाही असं सांगत नाही.

मोहिमेत प्रत्येक घराची नव्यानं पडताळणी होती. कंत्राटावरचा एक माणूस गावात आला, एका दिवसात त्याला तीन गावं उरकायची होती. मायला आधी सांगावा आला होता की साहेब फोटो काढायला येणार. फोटो म्हटल्यावर काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. मावशी सकाळीच आपल्याकडं आली. मायचे केस विंचरले, स्वतःची लग्नातली हिरवी साडी दिली. माणूस आला तर त्याला आधी चहा, वर मावशीच्या घरातली प्लास्टिकची खुर्ची. त्यानं आपल्या घरात एक फोटो काढला, तो अंधारात काळाकुट्ट आला. तो म्हणाला, आजी जरा उजेडात या. मग दोघी त्याला घेऊन गेल्या ना उजेडात, आकाशी भिंतीपुढं. माय तुळशीशेजारी ताठ उभी राहिली, पदर डोक्यावर. त्यानं बटण दाबलं, फोटोवर जागेचं ठिकाण आपोआप पडलं, तो गेला. संध्याकाळी मायचा मला फोन. फोटो लई झ्याक आला म्हणत होता तो, तेवढा मोठा करून मागून घे त्याच्याकडनं. मी गाडीत होते, गर्दी होती, बरं बरं म्हटलं आणि ठेवला.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अपात्रांची नावं लागली त्यात माय होती. कारण: पक्के घर आढळले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मायला विचारलं तेव्हा फोटोची सगळी हकीकत बाहेर आली, आणि मी तिच्यावर इतकी ओरडले की मावशी मधे पडली. म्हटलं, गरिबी दाखवायच्या दिवशी कुणी हिरवी साडी नेसतं का गं? माय म्हणाली, "सरकार घरी येऊन राह्यलं, त्याला काय फाटकं दाखवायचं?" मला सांगा, तुम्ही असता तर तुम्हीही पटका झटकून त्याच भिंतीपुढं उभे राहिला असता.

मग माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. सुट्टी टाकायची, तालुक्याला जायचं, साहेब बैठकीत. पुन्हा सुट्टी, साहेब जिल्ह्याला. मायला एकदाच नेलं बरोबर, तिनं काही बोलू नये म्हणून तिला बाकावर बसवलं आणि मीच बोलले, कारण तिला बोलता येत नाही, घाबरते, विषय सोडून मेंढरांचं सांगत बसते. कॉम्प्युटरवरचा ऑपरेटर फोटो उघडून दाखवायचा आणि म्हणायचा, ताई हे बघा, घर तर दिसतंय. मी म्हणायचे ते शेजारचं आहे. तो म्हणायचा, ठिकाण तर तुमचंच पडलंय. दोन भिंतींमधे एक बोळ, साहेब, आभाळातून तुमच्या यंत्राला तो कसा दिसणार? शेवटी मोठे साहेब भेटले. माणूस वाईट नव्हता, डोळ्यांखाली काळं, समोर चहा गार झालेला. त्यांनी सगळं ऐकलं आणि खालच्या आवाजात बोलले. "ताई, घरं किती झाली ते मला महिन्याला विचारतात. यादी किती उरली ते रोज विचारतात." मी म्हटलं साहेब, मग माझ्या मायचं नाव कमी झालं तेव्हा तुमची शाबासकी झाली का? पण फेरतपासणीचा अर्ज त्यांनी घेतला, हे मी नाकारत नाही.

फेरतपासणीला ग्रामसेवक आणि विस्तार अधिकारी स्वतः आले. या वेळी मी हजर होते. मायला रोजचं लुगडं नेसवलं, टेकू दाखवला, फुगलेली भिंत दाखवली. मग त्यांनी विचारलं, ही आकाशी भिंत कुणाची, ते शेजाऱ्यानं सांगायला पाहिजे. सगळं मावशीच्या तोंडावर आलं. आणि तिची अडचण तुम्हाला सांगते. तिचा धाकटा वेगळा निघालाय. जालन्यात सळईच्या कारखान्यात कामाला आहे, दिवसभर लोकांच्या स्लॅबची सळई ओढतो आणि बायको, तीन लेकरं घेऊन मावशीच्या मागच्या पत्र्याच्या शेडात झोपतो. या टप्प्यात गावाला जेवढी घरं आली त्यात शेवटचं नाव त्याचं होतं. माय पुन्हा आत आली तर तो बाहेर. हे मावशीला माहीत होतं, तिच्या सुनेला माहीत होतं, सून दारात कमरेवर हात ठेवून उभीच होती. मावशी म्हणाली, "भिंत माझी हाय. घरच तिच्या मालकानं दिलेलं हाय, लिहून घ्या." ग्रामसेवकानं लिहून घेतलं. सून आत निघून गेली आणि आतून भांडी आपटल्याचा आवाज आला. मला मावशीच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडले नाही, कारण मला भीती वाटली की आपण काय देऊन बसलो ते ध्यानात येऊन ती शब्द फिरवेल.

शेवटचा निर्णय ग्रामसभेत व्हायचा होता. आता पारावर नाही होत सभा, ग्रामपंचायतीच्या हॉलमधे पंख्याखाली होते, बायकांना सतरंजी. मायचं नाव परत घेतल्याचं वाचून दाखवलं. लगेच सून उठली. म्हणाली, म्हातारी एकला जीव, तिला नोकरीवाली लेक हाय, आमी पाच जण पत्र्याखाली भाजून राह्यलो, आमचा नंबर का जावा? खोटं नव्हतं बोलत ती. लोक कुजबुजायला लागले. विस्तार अधिकाऱ्यांना भांडण नको होतं, त्यांना तालुक्याला जाऊन संध्याकाळपर्यंत आकडा कळवायचा होता. म्हणाले, आपसात समजून घ्या, कुणी पुढच्या टप्प्यापर्यंत थांबायला राजी असेल तर उठून सांगा, तसं लिहू. आणि भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्यानं, तुमच्याच वयाचे आहेत ते, मोठ्यानं म्हटलं की हिच्या मालकानं तवा दिल्तं, काय मोठ्या मनाचा माणूस व्हता. झालं. सगळ्या गावानं मान वळवून मायकडं बघितलं. आबा, मी तुम्हाला सांगू शकत नाही मला त्या क्षणी तुमचा किती राग आला. तुम्ही तिथं नव्हतात आणि तरी सगळ्यात जास्त तुम्हीच होतात.

मायनं सतरंजीवर हात टेकला. गुडघा वाजला तिचा. ती उठत होती. मी तिचं मनगट धरलं आणि तिला खाली ओढलं, चांगलं जोरात ओढलं, ती बसली ती जवळजवळ माझ्या मांडीवर. मग मी उभी राहिले. गाडीत बोलते त्या आवाजात बोलले. म्हटलं आमचं नाव राहू द्या, आम्ही एकदा दिलंय, गावात ज्यानं एकदाही दिलं नसेल त्यानं आता द्यावं. कुणी उठलं नाही. अधिकाऱ्यांनी थोडी वाट बघितली आणि यादीच्या क्रमानं लिहून टाकलं. मायचं घर मंजूर. धाकट्याचं पुढच्या टप्प्यात, टप्पा येईल तेव्हा. बाहेर पडताना लोक म्हणाले, बरं केलंस, सरळ माणसाचा जमाना राहिला नाही. मावशी मायच्या पाठीवर हात ठेवून गेली. मोहिमेचा आकडाही व्यवस्थित झाला असणार, कारण दुसऱ्याच आठवड्यात आपला तालुका चांगलं काम करणाऱ्यांत आल्याचं मी पेपरात वाचलं.

घरी आलो. माय चुलीपुढं बसली, त्या टेकूला पाठ लावून, आणि चहाचं आधण ठेवलं. मला वाटलं ती रागावली असणार, मी तिला द्यायला नाही दिलं म्हणून. मी आधीच तोंड सोडलं. म्हटलं तू आणि आबा दोघं सारखेच, घर वाटून टाकायला निघालात, भिंत कुणाच्या अंगावर पडणार होती? तिनं ऐकून घेतलं. चहा गाळला, माझ्यापुढं कप सरकवला. मग अगदी हळू बोलली, ती नेहमी बोलते तसंच, चुलीकडं बघत.

"मी द्यायला न्हाई उठल्ते. मी मागायला उठल्ते."

मी कप खाली ठेवला. ती म्हणाली की त्या पारावर तिला उठायचं होतं, तुमच्या मागोमाग, आणि बाकी सगळ्या बायका बसूनच होत्या म्हणून तिच्यानं उठवलं नाही. तेव्हापासून मनात ठरवून होती, पुन्हा कधी सभा झाली आणि पुन्हा कुणी विचारलं तर आपण उभं राहायचं आणि आपल्या तोंडानं म्हणायचं. काय म्हणायचं ते पण ठरवलेलं होतं, गवत काढताना म्हणून बघायची एकटी. मी विचारलं, काय गं माय, काय म्हणणार होतीस? सांग की मला. तिनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, आता कुणापुढं म्हणू? घर तर आलं. चहा पी, गार होतोय.

आबा, परवा पायाची आखणी झाली. चुना टाकून रेघा मारल्या, माय त्या रेघांच्या आत उभी राहून बघत होती आणि चूल कुठं करायची ते मिस्तरीला मीच सांगत होते. हे लिहिलेलं मी कुठं पाठवणार? टपालाची पेटी आमच्या डेपोच्या दारातच आहे, पण मेंढरांमागच्या माणसाला त्याच्या जिवंतपणीसुद्धा पत्ता नव्हता. घडी घालून खाकीच्या खिशात ठेवीन, धुण्यात जाईल. भांडण मी मागं घेत नाही, तुम्ही तिला न विचारता दिलंत हे मी कधी विसरणार नाही. फक्त ते लिहून झाल्यावर एक खाली लिहावं लागतंय, आणि ते लिहायला मघापासून पेन अडतंय. मी मिळवलं, पण विचारलं मीही नाही.